टाकीचा पत्रा

इस्पितळाच्या लाँड्रीतली बॅटरीवर चालणारी, वर बसून हाकायची सामानाची गाडी भंगारात निघाली, तेव्हा वेल्डरने भंगारवाल्याशी हुज्जत घालून ती घरी आणली. याच गाडीवर चादरींचे गठ्ठे वाहत त्याच्या ताईने अख्खी नोकरी काढली होती. पुढे ताईचे गुडघे गेले आणि गाडी लाँड्रीमागे उघड्यावर सडत पडली. दोघींची गत सारखीच होती, फक्त गाडीला राग येत नव्हता.

ताईने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. भावाने आधाराला हात पुढे केला की ती त्या हाताकडे मेलेला उंदीर बघावा तशी बघायची. लहानपणी तिने त्याला बोट धरून चालवलं होतं. आता उलटा प्रकार तिला मंजूर नव्हता. "माझी मी जाईन, नाहीतर जाणार नाही," असं तिने एकदाच सांगितलं, आणि ताईने एकदा सांगितलं की विषय संपायचा. ती दिवसभर खिडकीशी बसून राही.

गाडीचा तळ गंजाने इतका खाल्ला होता की बोट लावलं तर ते पलीकडे निघे. मोटर मात्र ठणठणीत होती. बॅटरी आणि वायरिंग त्याने नवं घातलं आणि गंजका पत्रा कापायला घेतला. कुठे थांबावं अशी जागाच सापडेना, तेव्हा सगळाच कापला. वेल्डरचा जन्म फाटकं आणि पाण्याच्या टाक्या करण्यात गेलेला. पातळ पत्रा म्हणजे त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. त्याने टाकीचाच पत्रा घातला, शिवाय कोपऱ्याकोपऱ्याला लोखंडी अँगल जोडले. बायकोने विचारलं, गाडी करताय की तिजोरी? तो म्हणाला, आता गंज आला तर त्याचेच दात पडतील.

गाडी तयार झाली. ताईने काठी टेकत तिला एक फेरी मारली, रंग बरा नाही म्हणाली आणि वर बसली.

गाडी निघाली. म्हणजे, निघाली असं म्हणायचं. शेजारून चालणाऱ्या वेल्डरला मधूनमधून थांबावं लागत होतं. बाबागाडी ढकलणारी एक बाई मागून आली आणि पुढे निघूनही गेली. ब्रेक लागलेला आहे का, असं ताईने विचारलं. तो नाही म्हणाला. पत्र्याच्या जाडीची त्याला आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली. ताई मात्र दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होती, आणि इतकी खूश तिला त्याने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाजाराच्या अलीकडे चढ होता. तिथे मोटर कण्हायला लागली. वेल्डर हळूच मागे सरकला, मागच्या पत्र्याला तळहात लावला आणि आकाशाकडे बघत जोर केला. गाडी चढू लागली.

अर्ध्या चढावर ताई मागे न बघता म्हणाली, "हात काढ."

त्याने काढला. गाडी थांबली आणि किंचित मागे घसरली. ताईने ब्रेक दाबला. मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला. समोर बाजार दिसत होता, मागे घराकडचा रस्ता होता. ताई हँडल धरून बराच वेळ बसून राहिली.

"ठेव," ती म्हणाली.

वेल्डरने दोन्ही हात ठेवले.