हत्तीच्या घरातलं प्यादं

समोरचा खेळाडू माझ्यावर दया करतोय, असा संशय मला माझ्याच हातून गेलेल्या डावात आला. माझा वजीर पडला होता, राजा उघडा होता. समोरच्यानं एक चाल केली असती तर मात होती. त्यानं ती केली नाही. नुसता बसून राहिला. त्याचा वेळ संपला आणि फोननं मला जिंकवलं.

माझी बायको कौसल्या गेल्या उन्हाळ्यात वारली. आम्ही रोज संध्याकाळी पटावर बुद्धिबळ खेळायचो. बहुतेक डाव मी जिंकायचो. ती गेल्यावर मुलानं, सूरजनं, माझ्या फोनमध्ये हा खेळ टाकून दिला. तिथं एका डावाला तीन मिनिटं मिळतात. विचार करत बसलं की वेळ संपतो, घाई केली की वजीर फुकट जातो. मी दोन्ही तऱ्हेनं हरत होतो. मग हा खेळाडू आला. नावाच्या जागी नुसते आकडे. रोज दुपारी तोच मला डावाला बोलवायचा आणि रोज कसाबसा हरायचा.

वडीगोद्रीला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. शेजारी शिवाजीचं चहाचं हॉटेल. पहिला संशय त्याच्यावर गेला.

"तूच खेळून राह्यला ना माझ्यासंगं?"

"मला रमी येती काका. बुद्धिबळाला डोकं लागतं. तेवढं असतं तर तुमच्या शेजारी हॉटेल टाकलं असतं का?"

सूरज जालन्याला कंपनीत जातो. तिथं दिवसा फोन बाहेर ठेवावा लागतो. म्हणजे तोही नाही.

मग ताप आला म्हणून एक दिवस घरी राहिलो. दुपारभर त्या खेळाडूचा पत्ता नाही. सून प्रीती वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली आणि लगेच डावाचं बोलावणं आलं. डाव संपला, तेव्हा ती खाली आली. पण प्रीतीनं कधी पटाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी परीक्षा घेतली. माझा वजीर मुद्दाम त्याच्या प्याद्याच्या माऱ्यात, तिरप्या घरात नेऊन ठेवला. त्यानं घेतला नाही. वेळ घालवत बसला. मग मी त्याच्या एका प्याद्याला कोपऱ्यापर्यंत वाट करून दिली. शेवटची काही सेकंदं उरली होती, घाईत त्यानं प्यादं पुढं ढकललं. कोणता मोहरा हवा, असं फोन विचारतो. फोनवर सगळे वजीर घेतात. यानं हत्ती घेतला.

कौसल्येच्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, असंच खेळतात. प्यादं ज्या घरात पोचेल, त्याच घरचा मोहरा मिळतो. कोपरा हत्तीचा, म्हणून हत्ती. घाईत माणूस सवयीनं खेळतो.

दुकान बंद करून मी घरी गेलो. प्रीती पायरीवर बसली होती. हातात फोन.

"मामा, आज जल्दी आलात?"

"हत्ती का घेतला?"

ती फोन लपवू लागली, मग थांबली. "सवय हो. आत्यांनी तसंच शिकवलं." कौसल्येला ती आत्या म्हणायची.

"कधी?"

"तुम्ही दुकानात गेल्यावर. दुपारी, काम आवरलं की."

"मला कुणी बोललं न्हाई."

"आत्याच म्हणायच्या, त्यांना सांगू नको. मंग ते आपल्या दोघींनाबी शिकवत बसतील." ती हसली. मी हसलो नाही.

"आन् मुद्दाम का हरून राह्यली होती?"

"तुम्ही जेवत नव्हता, मामा. जिंकलात की दोन घास जास्त जायचे."

यावर मला राग येत नव्हता. पण दुसराच संशय मनात शिरला होता.

"तुझी आत्या माझ्यासंगं अशीच हरायची का?"

"मला काय माहीत? मी कुठं बघत होते तुमचे डाव?"

"तू कधी हरवलं तिला?"

"एकदाबी न्हाई." ती बोलून गेली.

"मंग आता खेळ माझ्यासंगं. खरं खेळायचं. पुन्हा दया केली तर या घरात मी पटाला हात लावणार न्हाई."

आम्ही समोरासमोर बसलो, आपापला फोन घेऊन. जिथं मोहरे एकमेकांना भिडलेले नव्हते, तिथं तिचं बोट थांबतच नव्हतं. जिथं भिडले, तिथं ती हात मागं घेऊन सगळा पट बघायची आणि मगच चाल करायची. मी साध्या चालींवर वेळ घालवला आणि नेमकी मोहरे भिडले तिथं घाई केली. मात झाली तेव्हा तिचा अर्ध्याहून जास्त वेळ शिल्लक होता.

"भांडण नसंल तिथं थांबायचं न्हाई, मामा. तुम्ही समदीकडं सारखंच थांबता."

"हे तिनं सांगितलं?"

"हां."

दुसरा डावही गेला. तिसराही. मग ती चहा ठेवायला उठली. कौसल्या गुडघ्यावर हनुवटी टेकून, मोहरा हातात धरून बसायची. तिला काही सुचत नाही, असंच मला वाटायचं.

पण कधीकधी ती जिंकायचीही. ते दिवस मी आठवू लागलो. सूरजच्या कॉलेजवरून आमचं वाजलं होतं, तेव्हा ती जिंकली होती. मी तिच्या भावाच्या घरून न जेवता उठून आलो, त्या संध्याकाळी जिंकली होती. मला न विचारता माहेरी निघालीस कशी, म्हणून ओरडलो होतो, तेव्हाही. भांडणाच्या दिवसाखेरीज ती जिंकलेला एकही डाव मला आठवेना. अशा दिवशी माझं लक्ष नसतं म्हणून मी हरतो, असं मी तिला दर वेळी सांगायचो. तीही मान हलवायची.