माउस पास, हात रिजेक्ट

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. जुना म्हणजे फार तर वर्षभराचा. पण मी स्वस्तातला, आणि स्वस्तातल्या माउसला वर्षात म्हातारपण येतं. गेमिंगचा माउस म्हणून मला विकलं गेलं. सहा बटणं, कापडी वेष्टणाची वायर, पाठीवर सात रंगांचे दिवे. दिवे पाहून लोक भुलतात. खरं काम पोटातला लाल प्रकाश करतो. तो खालचं टेबल वाचतो आणि मी किती सरकलो ते कॉम्प्युटरला कळवतो. पण पोटाकडे पाहतो कोण?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझी तपासणी झाली आणि मी पास झालो. त्यानंतर, लक्षात ठेवा, त्यानंतर माझ्या पोटाला ओरखडे पडू नयेत म्हणून एक पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला गेला. तो तिरका लागला. प्रकाशाच्या खिडकीवर त्याला सुरकुती पडली आणि तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला. पुन्हा मला कोणी तपासलं नाही. खोक्यात बंद होऊन मी मुंबईला आलो.

दिंडोशीच्या एका वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर माझं खोकं उघडलं ते शीतलने. घरात ती, तिची आई सोनूबाई, धाकटा भाऊ विकी आणि वडील धोंडिराम. धोंडिराम अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं तपासनीस होते. यंत्राचे सुटे भाग तयार होऊन त्यांच्या टेबलावर येत. ते माप घेत आणि पास किंवा रिजेक्ट असा शेरा मारत. निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला. हात मात्र लोंबत राहिला.

पालिकेच्या रुग्णालयात व्यायाम करून घेणाऱ्या रेवती मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, पहिले सहा महिने सोन्याचे. बोटं चालवत राहा, हातचे दिवस घालवू नका.” म्हणून विकीने ही युक्ती काढली होती. पडद्यावर गोल उमटतात, ते नाहीसे व्हायच्या आत माउस नेऊन दाबायचे. शंभर गोल, लागले तेवढे गुण. खेळाचा खेळ आणि व्यायामाचा व्यायाम. मी त्यासाठी आलो होतो.

शीतलने मला उलटा केला आणि पापुद्र्याच्या कडेला नख लावलं. तेवढ्यात सोनूबाई म्हणाल्या, “राहू दे गं ते. नाही जमलं यांना तर परत पाठवायचाय ना? फोडाफोडी केली तर घेणार नाहीत.”

“अगं आई, पण...”

“सात दिवस राहू दे. कुठे काय बिघडतंय?”

शीतलने नख काढून घेतलं. सोनूबाईंना दोष देऊ नका मित्रांनो. त्या घरात टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक होतं, फ्रिजच्या दांडीवर होतं. नवी वस्तू कष्टाने येते, ती नवी राहावी एवढीच त्यांची इच्छा. मी मात्र आतून ओरडत होतो. मला तोंडच नाही, त्याला काय करणार!

धोंडिराम रुग्णालयातून आले आणि मला पाहून खुलले. कामाची जुनी वही त्यांनी काढली. डाव्या हाताने रकाने आखले. नाव, वजन, बटणं, चाक, शेरा. प्रत्येक बटण वीस वेळा दाबून पाहिलं. वायर ओढून पाहिली.

“पप्पा, माउस घेतलाय, विमान नाही,” विकी हसला.

“वस्तू स्वस्त असली तरी तपासणी स्वस्तात करायची नाही,” ते म्हणाले. मला हा माणूस फार आवडला. माझ्याकडे इतक्या आदराने आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी आठला आम्ही बसू लागलो. पहिल्या दिवशी एकतीस गोल लागले. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी बावीस. त्यांचा हात माझ्यावर अगदी हलका पडे, आणि हलक्या हाताखाली तो बुडबुडा रोज थोडा जास्त फुगे. मग माझा प्रकाश विस्कटे. ते मला डावीकडे नेत आणि पडद्यावरचा बाण थरथरून भलतीकडे उडी मारी. बोटं खरोखर हलत होती हो! पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त सरळ हलत होती. हे फक्त मला कळत होतं.

पाचव्या दिवशी सतरा झाले तेव्हा ते म्हणाले, “शीतल, तू खेळून बघ. माउसमध्ये खोट असेल.”

माझ्या जिवात जीव आला. पण शीतलचा हात भक्कम. तिने मला दाबून धरलं, बुडबुडा चपटा झाला आणि मी शहाण्यासारखा धावलो. शंभरपैकी एक्क्याण्णव! विकीने अठ्ठ्याण्णव काढले आणि म्हणाला, “झकास आहे यार! या किमतीत असा माउस शोधून मिळणार नाही.”

कुणी माझी एवढी स्तुती कधी केली नव्हती, आणि त्या स्तुतीची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सातव्या दिवशी धोंडिरामांनी लाल पेन मागितलं. शेऱ्याच्या रकान्यात डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, “माउस पास. हात रिजेक्ट.”

“पप्पा, असं काय करता?” शीतल म्हणाली.

“एकतीस वर्षं हेच केलं, पोरी. मापात न बसणारा माल ठेवत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले नाहीत. नंतर रुग्णालयातही जाईनात. सोनूबाईंनी विनवण्या केल्या, विकीने आदळआपट केली. “मला कळतं माझं,” एवढंच ते म्हणत. जिथून मला मागवलं होतं त्या संकेतस्थळावर शीतलने मला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, “उत्तम माउस.” मग मी खणात गेलो. जुने चार्जर, तापमापक आणि संपलेल्या बॅटऱ्या यांच्या संगतीत पडून राहिलो. बाहेर त्या सोन्याच्या सहा महिन्यांतले दिवस एकेक करून जात होते, आणि ते हिरावून घेणारी गोष्ट माझ्या पोटाला चिकटलेली होती. यापेक्षा मोठी लाचारी मला ठाऊक नाही.

पावणेचार महिन्यांनी विकीचा स्वतःचा माउस बंद पडला म्हणून त्याने मला काढलं. दिवा लागतो का ते पाहायला उलटं केलं. त्याचं नख कडेला अडकलं.

“ताई, हे प्लास्टिक अजून तसंच आहे?” त्याने पापुद्रा सर्रकन ओढला. मग अगदी हलक्या बोटांनी मला सरकवलं. बाण रेघ मारल्यासारखा सरळ गेला. विकीने पापुद्रा पुन्हा लावला, पुन्हा हलकेच सरकवलं. बाण थरथरून उडाला. पापुद्रा पुन्हा ओढून काढून तो उठला.

पलंगावरून धोंडिराम म्हणाले, “आण इकडे.”

त्यांनी तो पापुद्रा डाव्या हाताने खिडकीच्या उजेडात धरला. सुरकुती पाहिली, बुडबुडा पाहिला.

“रोज सकाळी मी आधी माप घ्यायचं साधन तपासायचो,” ते हळूच म्हणाले. “मग माल. साधनच खोटं असेल तर चांगला माल भंगारात जातो. एकतीस वर्षांत एकदा चुकलो नाही.”

सोनूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अहो, मीच राहू दे म्हटलं होतं.”

“तपासनीस तू नव्हतीस, मी होतो,” ते म्हणाले. “विकी, खुर्ची ओढ.”

मित्रांनो, इथे तुम्हाला वाटेल की आता सगळं गोड झालं. तसं झालं नाही. चार महिने न हललेली बोटं आत वळली होती. शीतलने ती एकेक करून उघडली आणि माझ्यावर ठेवली. आता माझ्यात कसलीही खोट नव्हती. मी न्याल तिथे जायला तयार होतो, पण हातच मला नेऊ शकत नव्हता. शंभरपैकी नऊ गोल लागले. शीतल खिडकीबाहेर पाहत राहिली. नख काढून घेतलं तो क्षण तिला आठवत असावा.

धोंडिरामांनी वही मागितली आणि “नऊ” लिहिलं.

“कमी आहेत,” ते म्हणाले, “पण खरे आहेत.”

आता पुन्हा रोज सकाळी आठला आम्ही बसतो. रेवती मॅडम म्हणतात, गेलेले दिवस भरून निघतील असं वचन देता येणार नाही. महिनाभर आम्ही चौदावर अडलो आहोत. मी सरळ धावायला तयार बसलेलो असतो, आणि त्यांचा हात माझ्यावर थरथरत असतो. त्याला मी ढकलू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. एखाद्याला जमत नाही असं दिसलं, तर शेरा मारण्याआधी त्याच्या हातात दिलेली वस्तू उलटी करून पाहा. आणि नखाखाली काही लागलं, तर कुणी “राहू दे” म्हटलं म्हणून गप्प बसू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

तो पापुद्रा धोंडिरामांनी वहीत चिकटवून ठेवला आहे. त्याच्या शेजारचा लाल शेरा त्यांनी खोडला नाही. तपासनीस लिहिलेलं खोडत नाहीत. त्याखाली त्यांनी उजव्या हाताने, तीन सकाळी खर्चून, दोन शब्द लिहिले आहेत, “पुन्हा तपासणे.”