तीन हजार आठशे मीटर खालची

माझी सवत नव्वद वर्षांची आहे, समुद्राच्या तळाशी कुशीवर पडलेली आहे आणि अंगभर गंजलेली आहे, असं मी रोज सकाळी केस विंचरताना स्वतःला समजवायचे. बाकीच्या बायकांचे नवरे भरकटतात ते निदान कुणा तरुण मुलीपायी. आमचे हे भरकटले ते एका बुडालेल्या मालवाहू जहाजापायी.

हे समुद्र संशोधन संस्थेत आहेत आणि मीही तिथेच, टायपिंगला. दरवर्षी हे सहा आठवडे मोहिमेवर जातात, कॅमेरा बसवलेलं यंत्र तीन हजार आठशे मीटर खाली सोडतात आणि पडद्यावर जे दिसेल ते बोलून रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग आणि फोटो रोज संस्थेत येतात आणि ते सगळं मी हेडफोन लावून टाइप करते. बुडालेलं जहाज कसकसं संपत जातं, हा ह्यांचा विषय. आठ वर्षं टाइप करून मलाही तो पाठ झालाय. आधी लाकूड जातं, किडे पोखरून खातात. इतक्या खोल पाण्यात हाडंसुद्धा विरघळतात, पण चामड्याचे बूट राहतात, जोडीने, ज्याचे होते तो पडला असेल तिथेच. लोखंड सगळ्यात शेवटी. त्याला जंतू लागतात आणि कठड्यांवरून गंजाच्या लांब लांब वाती लोंबायला लागतात, बोट लावलं तर भुगा होईल अशा. एवढ्या मायेने ह्यांनी माझ्या गुडघेदुखीची कधी चौकशी केली नाही.

यंदा मात्र मला आशा होती. संस्थेने ह्यांना किनाऱ्यावरच्या कार्यालयातली जागा देऊ केली होती. हो म्हटलं तर हे कायमचे घरी. नाही म्हटलं तर पुढची तीन वर्षं मुक्काम तिच्याच डोक्यावर. मोहिमेवरून आल्यावर सांगतो म्हणाले होते.

गडबड एका शब्दापासून सुरू झाली. सात वर्षं हे 'ते जहाज' म्हणायचे. यंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या दिवशी अगदी सहज म्हणाले, "आज ती जरा इकडे वळल्यासारखी वाटते." मी मागे नेऊन दोनदा ऐकलं. मनात बोट असेल, म्हणून ती, असं म्हटलं आणि 'ते' टाइप करून टाकलं. पुढे मात्र सगळीकडे ती, तिची, तिला. मीही हट्टाने सगळीकडे ते, त्याची, त्याला. व्याकरणातून सूड उगवणारी मी पहिलीच बायको असेन.

नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, दादा घरात बोलतो तरी का एवढं?"

"बोलतात की. मीठ दे म्हणतात."

"मग तूही जाऊन पड तळाशी. रोज बोलेल."

दोघी खूप हसलो. फोन ठेवल्यावर मी जराशी जास्तच हसत राहिले.

शब्द बदलले, पण आकडे कसे बदलणार? डाव्या बाजूच्या पत्र्याची जाडी गेल्या वर्षी सहा मिलिमीटर होती. यंदा ह्यांनी सांगितलेला आकडा होता नऊ. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून जुने कागद काढले, मग जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बघितले. चार वर्षांपूर्वी कोसळलेला पुढचा कठडा, ज्याचं कोसळणं मी मोठ्या आनंदाने टाइप केलं होतं, तो यंदाच्या फोटोत सरळ उभा होता. त्याच्यावर एकही वात नव्हती.

हे परत आल्यावर चहा देताना विचारलं, "अहो, हा आकडा कमी व्हायला हवा ना?"

"हो ना," हे म्हणाले, जणू नात्यातल्या कुणाचं दुखणं उतरलंय. "बरी आहे आता. आणि तू तिला सगळीकडे 'ते' करून ठेवलंयस. असू दे. तिने मनावर घेतलेलं नाही."

त्याच आठवड्यात मी गुडघ्यासाठी तपासणी करून घेतली. डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीचा आणि यंदाचा असे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एका वर्षात हाडं इतकी पातळ होत नाहीत. खाता ना नीट?"

"खाते हो," मी म्हटलं. "पोचतं कुठे कुणास ठाऊक."

घरी येऊन रिपोर्ट ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी तो हातात पेन घेऊन दोनदा वाचला, दोन आकड्यांखाली रेघ ओढली आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी ते मलाही सांगता येणार नाही. लग्नाच्या एकोणीस वर्षांत काही मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं. "जाऊ नका आता. तिच्याकडे बघता तसं माझ्याकडेही बघा की."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी किनाऱ्यावरच्या जागेसाठी सही केली. मी नणंदेला फोन करून सांगितलं, जिंकले म्हणून. नव्वद वर्षांच्या म्हातारीला हरवल्याचा एवढा आनंद बरा नव्हे, पण झाला खरा.

आता हे रोज वेळेवर घरी येतात. कपडेही न बदलता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतात. आज रविवार, म्हणून दुपारीच बसले. पडदे ओढून घेतले आणि छोटा टॉर्च लावला. उजेड माझ्या पावलांपासून निघाला आणि सावकाश वर आला. गुडघ्यावर बराच वेळ थांबला, मग मनगटावर, मग गळ्याच्या हाडावर. ह्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला अवघडल्यासारखंच झालं. मी हसले आणि चहा टाकायला म्हणून उठू लागले.

"हळू," हे कुजबुजले. "गाळ उठेल."