कलशात सोडलेल्या गोळ्या

सिंदीच्या कापूस बाजारामागच्या मंडपात रांग इंचाइंचानं सरकत होती. दर माणसामागे घंटा वाजायची. गादीवर कलशबाबा, पुढ्यात घागरीएवढा पितळी कलश; येणारा प्रत्येक जण आपल्या गोळ्या त्यात टाकत होता.

"चातुर्मासात वांगं सोडता, कांदा सोडता! मंग हे इंग्रजी जहर काऊन नाई सोडत? गोली छोडो, रोग छोडेगा!"

आणि खरंच सुटत होता! मागच्या खेपेला गोळ्या सोडून गेलेले तानबा आणि सुंदरा आज पुन्हा रांगेत होते. तानबाच्या सुजलेल्या पावलांत पुन्हा चप्पल जायला लागली. सुंदराचा सहा महिन्यांचा कोरडा खोकला थांबला. डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं?

देवकाबाईंच्या मुठीत नवऱ्याच्या गोळ्यांची पुरचुंडी होती; नवरा, भैय्याजी, बाजूला खुर्चीत बसले होते. दोन महिन्यांपूर्वी भैय्याजींच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हापासून रोज चार गोळ्या. आता मांड्या अशा दुखत, की माणसाला खुर्चीतून उठवेना. कालपासून लघवी काळ्या चहासारखी. देवकाबाईंनी आजवर एक सोमवार मोडला नव्हता. देवासाठी सोडलेलं फळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काळं पाणी?" देवकाबाईंचं ऐकून बाबा हसले. "जहर उतरून राह्यलं, माय! टाक."

हात कलशावर गेला.

"काकू, थांबा! कोणाची लघवी काळी?" उपकेंद्रातली नर्स स्वीटी बीपीचं यंत्र घेऊन गर्दीतून पुढं घुसली.

"ह्यायची. जाळी बसवली तवापासून मांड्याही दुखतात," देवकाबाईंनी भैय्याजींकडे बोट केलं.

"ए पोरी, मधात नको बोलू!" कोणीतरी ओरडलं.

"मी तानबाकाकांशी बोलून राह्यली. काका, कोणती गोळी सोडली?"

"बीपीची."

"तिनंच पाय सुजतात काही जणांचे. सुंदरामावशी, तुमची?"

"बीपीचीच, पण दुसरी."

"तिनं कोरडा खोकला येते. गोळी बंद, तरास बंद. कलशानं काय केलं? मोरीत फेकली असती तरी हेच झालं असतं!"

गर्दीत कोणी खुदकन हसलं.

"मले तं बरं वाटते ना वो," तानबा कुरकुरला.

स्वीटीनं त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दोनशे दहा, एकशे वीस. "सूज गेली काका, पण बीपी कुठी गेलं पाहा. बीपी दुखत नाई, सरळ पाडते."

"मशीन झूठी है!" बाबा कडाडले.

"मंग तुमच्या दंडाले बांधू?"

बाबांनी हात उपरण्यात ओढला. मग नजर देवकाबाईंवर रोखली. "हातचं मागं घेशील, तं नवऱ्यावर बेतंल!"

देवकाबाईंची मूठ कलशावरच राहिली. स्वीटी हळू बोलली, "काकू, यातली एक गोळी रक्त पातळ ठेवते. ती सुटली तर जाळीत गाठ धरते, माणूस हातचा जाते. मांड्या बहुतेक कोलेस्टेरॉलच्या गोळीनं दुखतात. क्वचित स्नायू विरघळतात अन् किडनी बंद पाडतात. काळी लघवी ही त्याचीच खूण. आत्ताच वर्ध्याले न्या. डॉक्टरले सांगतलं काऊन नाई?"

खुर्चीतून भैय्याजी पुटपुटले, "डॉक्टर रागावंल, म्हणून."

देवकाबाईंनी मूठ मागं घेतली. "माह्या देवानं उपास मागतले, माणूस नाई मागतला. उठा वो."

वर्ध्याला तपासणीत स्वीटीचा अंदाज खरा ठरला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची ती गोळी तेवढी थांबवली, सलाइन लावलं. किडनी वाचली. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकली नाही. तानबाला बीपीची दुसरी गोळी मिळाली. सूजही नाही, चमत्कारही नाही.

औषधानं त्रास होतो, हे खोटं नाही. खोटं आहे ते त्या त्रासावर दुकान मांडणं. म्हणून त्रास डॉक्टरांपासून लपवू नये, आणि गोळी आपल्या मनानं सोडू नये.

देवकाबाईंच्या नेमात आता एकाची भर पडली आहे. सांजेला दिवा लावला, हात जोडले, की त्या नवऱ्याला विचारतात, "आज कुठी दुखते? लपवू नका जी."