वांग्यातले बूच

मित्रांनो, मी एका जुन्या जीपचे डिझेल इंजिन आहे. माझे वय विचारू नका. रिठदच्या जानरावांकडे आलो तेव्हाच दोन मालकांनी मला वापरून सोडले होते. तेव्हापासून त्यांची मेथी, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, मी रिसोडच्या बाजारात नेतो.

एके काळी माझे फार कौतुक होते. चढावर नवे टेम्पो धापा टाकत आणि मी भरल्या गाडीनिशी पुढे निघून जाई. जानराव बॉनेटवर थाप मारून म्हणत की असे इंजिन आता होणे नाही. कौतुक करणाऱ्याला त्या वस्तूतले ओ की ठो कळत असतेच असे नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

डिझेल पेटते तेव्हा थोडा धूर पिस्टनच्या कडेने माझ्या पोटात, तेल असते तिथे उतरतो. म्हातारपणी जरा जास्तच उतरतो. तो बाहेर जावा म्हणून मला एक नळी दिली आहे. तेच माझे नाक. त्यातून वाफ जाते, कधीमधी तेलाचा थेंबही टपकतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण जानरावांना लाज वाटली. बाजारात गाडीखाली काळा डाग पडला आणि शेजारचा भाजीवाला हसला, एवढेच निमित्त. ठिबकवर भाजी पिकवणारा हा माणूस. त्याच्या अकलेची धाव इतकीच, की गळते तिथे बूच मारायचे. घरी येऊन त्यांनी वांग्यातल्या ठिबकच्या नळीच्या टोकाचे काळे बूच उपटले आणि माझ्या नाकात ठोकले. डाग थांबला. मग गावभर छाती काढून फिरले.

इकडे धूर पोटात कोंडला. त्याला वाट हवीच, म्हणून तो तेलाला ढकलू लागला. पुढच्या सीलमधून, मागच्या सीलमधून, झाकणाच्या पॅकिंगमधून तेल गळू लागले. तेल पाहायची पट्टीसुद्धा आपोआप वर उचलली जाई. मग दिनेश मेकॅनिक आला. त्याने सील बदलले, तरी गळाले. पॅकिंग बदलून वर सोल्युशन थापले, तरी गळाले. बुचापासून वीतभरावर त्याचा पाना फिरत होता, पण नाकाकडे पाहील तो दिनेश कसला. शेवटी इंजिनच संपले, असा निकाल देऊन तो गेला. त्याची आली तितकी किळस मला गंजाचीही आली नव्हती.

"इंजन बुढं झालं," जानराव बायकोला, पंचफुलाबाईंना म्हणाले. "हा बाजार झाला का भंगारवाल्याले देऊन टाकतो."

खरे सांगतो, मी घाबरलो. भंगारात आमच्यासारख्यांना घणाने फोडतात.

बाजाराच्या दिवशी मी सुरू होतो आणि पंचफुलाबाई मेथीच्या जुड्या चढवत होत्या. एक जुडी गाडीखाली पडली. ती घ्यायला त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"हे तं आपलं वांग्यातलं बूच हाय," त्या म्हणाल्या. "मी तिथी नळी दुमडून सुतळी बांधून राह्यली, अन् तुमी हे इथी घातलं?"

तेल गळत होते म्हणून घातले, असे जानराव पुटपुटले.

"व्हॉल बंद ठेवून मोटर लावली का पाईप सटकते, हे तुमीच तं मले सांगता. मंग इचं तोंड कायले बंद केलं?"

जानराव खाली वाकले आणि त्यांनी बूच ओढले. इतके दिवस कोंडलेला काळा श्वास मी त्यांच्या तोंडावर सोडला. मुद्दाम सोडला असे कुणी म्हटले, तर मी नाही म्हणणार नाही.

सीलमधले गळणे थांबले. भंगारवाला आला आणि चहा पिऊन गेला. जानराव मात्र पारावर अजून सांगतात, की दिनेशने शेवटी सील बरोबर बसवले. बूच परत वांग्यात गेले. माझ्या नळीखाली पंचफुलाबाईंनी रंगाचा रिकामा डबा तारेने बांधला आहे.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या, असे मी सांगणार नाही. काळजी जानरावांनीही घेतली होती. एवढेच करा: म्हाताऱ्याच्या नाकातून थेंब गळाला, तर खाली फडके धरा. नाक बुजवू नका.