रेडिओतले काका

काकूंच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत लोटली होती आणि सगळ्यांचे कान टेबलावरच्या जुन्या रेडिओकडे लागले होते. बातम्या चालू असताना मध्येच "कुंऽऽई" अशी शिट्टी घुमली.

"आले!" गेलेल्यांशी बोलणं करून देणाऱ्या महाराजांनी डोळे मिटले. "काका, थंडी वाजते का?"

शिट्टी चढली. चढली म्हणजे हो, उतरली म्हणजे नाही. कुणीतरी लगबगीने रेडिओला मफलर गुंडाळला.

वरच्या मजल्यावरच्या विज्ञानाच्या बाई दारात उभ्या राहून हसू दाबत होत्या. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. हयातीत ते घरभर शिट्टी वाजवत फिरायचे, त्यामुळे काकूंचा विश्वास बसायला वेळ लागला नाही.

"डोळ्याचं ऑपरेशन करू का हो?" काकूंनी विचारलं.

शिट्टी हळूहळू उतरली.

"नको म्हणतात!" महाराज गरजले.

बाईंचं हसू मावळलं. उशीर झाला तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ह्यांचा शब्द मी कधी मोडला नाही," काकू म्हणाल्या.

बाई तणतणत घरी आल्या. टेबलावर त्यांनी स्वतः जोडलेला सिग्नल जनरेटर चालूच होता. रेडिओ तपासायला लागणाऱ्या लहरी काढणारी ती पेटी. त्यांनी रागारागात बटण बंद केलं.

"गेले!" खालून ओरडा झाला.

बाईंनी बटण चालू केलं.

"आले!"

बाईंनी कपाळावर हात मारला. काका त्यांच्याच टेबलावर होते!

दुसऱ्या दिवशी तशीच गर्दी जमल्यावर त्या पेटी घेऊन काकूंकडे हजर झाल्या. "काकू, विचारा काहीही." त्यांनी खुंटी फिरवली. काका हो म्हणाले. उलटी फिरवली. काका नाही म्हणाले.

"ही पेटी मला हवी ती लहर काढते, पण तिच्या तिप्पट, पाचपट वेगाने कंप पावणाऱ्या नको त्या लहरीही सोडते. तिपटीची लहर नेमकी तुमच्या स्टेशनशी भिडते आणि शिट्टी वाजते. पेटी तापली की लहर सरकते, तसा सूर चढतो-उतरतो." मग त्यांनी तारेची वेटोळी आणि कपॅसिटर जोडलेली पट्टी पुढे केली. "हा लो-पास फिल्टर. संथ कंपाची लहर जाऊ देतो, वेगवान कंपाची अडवतो. हा मी आधीच बसवायला हवा होता."

फिल्टर जोडल्यावर खुंटी कितीही फिरवली तरी बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या.

"काका रुसले!" महाराज म्हणाले.

बाईंनी फिल्टर काढला. कुंऽऽई!

"आता रुसवा गेला वाटतं?" मागून कुणीतरी विचारलं. खोली हसली. महाराजांनी घाईघाईत काढता पाय घेतला.

काकू मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, काकू." बाई त्यांच्याजवळ बसल्या. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "आवाज कुणाचा हे ठरवण्याआधी तो कुठून येतो ते बघा. त्याने गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही, पण राहिलेल्याचा डोळा वाचतो."

ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर काकूंनी बाईंकडे निरखून पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "केस किती पिकलेत गं तुझे!"