माझा कोरा डोळा

मी एक जुना दारुमा आहे. कागदाच्या लगद्याचा, लाल, गोलमटोल जपानी बाहुला. हात नाहीत, पाय नाहीत, पण कितीही ढकला, पुन्हा उभा राहतो. मित्रांनो, आम्हाला घडवताना दोन्ही डोळे कोरे ठेवतात. काही मागायचं असलं की माणूस एक डोळा रंगवतो आणि ते मिळालं की दुसरा.

आमच्या घरातल्या चिगुसाने माझा एक डोळा रंगवला तो डॉक्टर होण्यासाठी. डोंगरातल्या आमच्या गावचा दवाखाना डॉक्टर नाही म्हणून बंद पडला होता आणि तिच्या बाबांचं हृदय अधू होतं. पोरगी झटून अभ्यास करायची. येताजाता सगळे माझं डोकं कुरवाळत. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

मेडिकल कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा निकाल बघून ती टोकियोहून परतली. फलकावर तिचा नंबर नव्हता. ती घरात शिरली आणि तिच्या पाठोपाठ पांढऱ्या कोटातली एक बाई आली, चेहरा हुबेहूब चिगुसाचा. रंगवलेल्या डोळ्याला ती दिसत नव्हती, कोऱ्या डोळ्याला दिसत होती. तिनेही दाराशी बूट काढले. पण दाराशी बूट एकाच माणसाचे होते. मला भीती वाटली. ती बाई मात्र आमच्याकडेच राहिली.

चिगुसा पुन्हा परीक्षेला बसली आणि पुन्हा नापास झाली. मुलाखतीत तिला विचारलं होतं, मुलंबाळं झाल्यावर काम सोडणार का. शेजारचे मोरियामाकाका म्हणाले, "मुलीच्या जातीला कशाला एवढा आटापिटा? एखादा डॉक्टर नवरा बघा की." शेवटी तिने औषधांच्या दुकानात नोकरी धरली. मी कपाटावर गेलो आणि माझ्यावर धूळ साचत राहिली.

अशी बरीच वर्षं गेली. एका हिवाळ्यात बाबा जेवता जेवता कोसळले. बर्फाने रस्ता अडलेला, रुग्णवाहिका येईना. चिगुसा त्यांचा हात धरून हाका मारत होती. पलीकडून पांढऱ्या कोटातली बाई वाकली आणि सराईतपणे एकेक उपचार करू लागली. तिचे हात बाबांना लागतच नव्हते. बाबा गेले.

पुढच्या उन्हाळ्यात टीव्हीवर त्या कॉलेजचे मोठे लोक कमरेत वाकून माफी मागताना दिसले. मुली कमी याव्यात म्हणून ते वर्षानुवर्षं मुलींचे गुण कापत होते. चिगुसा पहिल्याच वेळी पास झाली होती. आता तिला प्रवेश देऊ केला होता.

आईने मला पुसून खाली घेतलं, शाई आणि कुंचला आणला. "रंगव गं. पास झालीस तू."

"मी तेव्हाच पास झाले होते, आई. हा डोळा त्यांनी कोरा ठेवलाय. त्यांनीच यावं आणि बाबांच्या फोटोसमोर रंगवावा."

कोणी आलं नाही. चिगुसा मात्र शिकायला गेली, वर्गात सगळ्यांत मोठी. मला वाटलं, ती बाईही तिच्याबरोबर जाईल. ती गेली नाही. रोज जेवणाच्या वेळी ती बाबांच्या जागेपाशी गुडघे टेकते आणि तिथे नसलेल्या मनगटावर नाडी शोधते.

मित्रांनो, वर्ष संपलं की जुने दारुमा देवळात नेऊन जाळतात. मला नेऊ नका. तुम्ही कुणाची जागा हिरावून घेतली, तरी ते माणूस नाहीसं होत नाही. ते कुठेतरी राहायला जातं. आमच्या घरी एक आहे आणि तिच्याकडे बघणारं माझ्याशिवाय कोणी नाही.